गोदी, आगबोट आणि परदेश : जॉन एरिक्सन व अर्देशिर कर्सेटजी वाडिया यांची दोन चरित्रे

एकोणिसाव्या शतकातील अभियंत्याचे चरित्र हा साहित्याच्या अभ्यासकाने सहसा अन्य ज्ञानशाखांकडे सोपवून दिलेला विषय आहे. यंत्रविद्येचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्यात रस असतो, नौदलाच्या इतिहासकारांनाही असतो. परंतु अभियंत्याने स्वतःविषयी काय लिहिले, कोणत्या भाषेत लिहिले आणि ते लेखन पुढे कोणी सांभाळले, हे प्रश्न मधल्या मध्ये राहून जातात. अभियंता देशांतर करणारा असला की अडचण दुणावते. त्याचे लेखन एका भाषेत, चाकरी दुसऱ्या राष्ट्राची आणि घरातील बोली तिसरी, अशी स्थिती असते. स्वीडनमध्ये जन्मून न्यूयॉर्कमध्ये वारलेले जॉन एरिक्सन (१८०३–१८८९) आणि मुंबईत जन्मून इंग्लंडमधील रिचमंड येथे वारलेले अर्देशिर कर्सेटजी वाडिया (१८०८–१८७७) हे या दृष्टीने शेजारी ठेवून वाचण्याजोगे समकालीन आहेत. दोघांचेही आयुष्य वाफेच्या नौकांभोवती फिरले आणि नौदलाच्या कामात खर्ची पडले. तथापि त्यांच्या आठवणीची जी वाट लागली ती मात्र अगदी भिन्न आहे, आणि या भिन्नतेचे कारण कर्तृत्वात फारसे सापडत नाही.

एरिक्सन यांचा जन्म ३१ जुलै १८०३ रोजी वेर्मलांड प्रांतातील लाँगबान या खाणवस्तीत झाला. वडील खाणीच्या व्यवहारात बुडाले आणि योता कालव्याच्या बांधकामावर नोकरीस लागले. या कालव्याचा सूत्रधार बाल्ट्सार फॉन प्लाटेन याच्या नजरेत ही मुले भरली आणि जॉन व त्याचा थोरला भाऊ नील्स हे कोवळ्या वयातच स्वीडिश नौदलाच्या यांत्रिक दलाचे शिकाऊ म्हणून कालव्याच्या मोजणीवर रुजू झाले. शाळा नाही, विद्यापीठ नाही. नकाशे, पातळी-मापनाची उपकरणे आणि मजुरांच्या टोळ्या हेच शिक्षण. पुढे जॉन पायदळात गेले. ‘कॅप्टन एरिक्सन’ हे जे नाव अमेरिकेत रूढ झाले त्यातील कॅप्टनपद स्वीडिश लष्कराचे आहे, अमेरिकी आरमाराचे नाही.

अर्देशिर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ चा. ‘वाडिया’ म्हणजे जहाज बांधणारा. लवजी नसरवानजी हे त्यांचे पूर्वज १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून सुरतेहून मुंबईस आले आणि तेव्हापासून १८८४ पर्यंत मुंबईच्या गोदीतील प्रमुख बांधकाम-कारागिराचे पद या घराण्याकडे राहिले. मलबारच्या सागवानातून या घराण्याने बांधलेली जहाजे ब्रिटिश आरमारात मानाने वावरली. १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर झाला तेही मुंबईचेच. अर्देशिर चौदाव्या वर्षी, १८२२ साली, वडिलांच्या हाताखाली गोदीत दाखल झाले. म्हणजे दोन्ही मुले साधारण एकाच वयात, एक कालव्यावर आणि दुसरा गोदीत, कामाला जुंपली गेली. फरक एवढाच, की एरिक्सन यांच्या पाठीशी दिवाळे निघालेला बाप होता आणि अर्देशिर यांच्या पाठीशी जवळजवळ नव्वद वर्षांची वंशपरंपरा.

ही परंपरा लाकडाची होती. अर्देशिर यांचे वेगळेपण असे, की त्यांचे मन लाकडात रमले नाही, लोखंडाकडे आणि वाफेकडे ओढले गेले. त्यांच्या तरुणपणी मुंबईत वाफेची चर्चा जोरात होती. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली आणि एडनला थांबत तेहतीस दिवसांनी तेथे पोहोचली. कोळशाच्या ओझ्याने ती पाण्यात इतकी खोल बसली होती की टपालाखेरीज फारसे काही नेण्याची सोय उरली नव्हती. तरीही मुंबईहून तांबड्या समुद्रापर्यंत वाऱ्याच्या मर्जीवाचून जाता येते, हे या प्रवासाने सिद्ध केले. मराठीत ‘आगबोट’ हा जोडशब्द याच काळाचे अपत्य आहे. अर्धा देशी, अर्धा इंग्रजी असा तो शब्द पुढील शंभर वर्षे कोकणच्या प्रत्येक घरात बोलला गेला. आगीला कोळसा घालणारा आगवाला, खलाशी, तांडेल, सारंग ही सगळी माणसेही त्याच आगबोटीबरोबर साहित्यात यायला हवी होती. ती यायला फार उशीर लागला.

१८३३ साली अर्देशिर यांनी इंग्लंडहून मागवलेले दहा अश्वशक्तीचे इंजिन बसवून ‘इंडस’ ही छोटी नौका पाण्यात लोटली. पुढच्या वर्षी माझगावातील आपला बंगला आणि बाग त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळली, आणि ती नवलाई पाहायला गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर स्वतः आले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ साली. एका खाजगी बागेत जे होते ते शहराला मिळायला एकतीस वर्षे लागली. हा काळ लांबला त्यात कोणा एकाचा दोष नाही. पण अर्देशिर यांच्या प्रयोगांचे स्वरूप त्यावरून कळते. ते आपल्या घरात, आपल्या पैशाने, शहराच्या पुढे धावत होते.

एरिक्सन याच सुमारास लंडनमध्ये होते. १८२६ साली रजा घेऊन ते इंग्लंडला आले आणि जिवंतपणी मायदेशी परतलेच नाहीत. जॉन ब्रेथवेट यांच्या भागीदारीत त्यांनी बनवलेले ‘नॉव्हेल्टी’ हे इंजिन १८२९ च्या रेनहिलच्या शर्यतीत प्रेक्षकांचे लाडके ठरले, परंतु मध्येच बिघडले आणि बक्षीस स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ला गेले. पुढे त्यांनी मळसूत्री पंख्याचा ध्यास घेतला. तोवर आगबोटी दोन्ही बाजूंना लावलेल्या मोठ्या चाकांनी चालत. युद्धनौकेच्या दृष्टीने ही चाके म्हणजे शत्रूच्या तोफांना उघडे निमंत्रण होते. शिवाय ती तोफांची जागा अडवून बसत. पंखा पाण्याखाली, जहाजाच्या मागे राहणार, म्हणून सुरक्षित. १८३६ साली त्यांना पेटंट मिळाले आणि १८३७ साली त्यांच्या ‘फ्रान्सिस बी. ऑग्डेन’ या नौकेने थेम्स नदीत ब्रिटिश नौदल-मंडळाच्या सदस्यांना बसवलेली नाव ओढून दाखवली. प्रयोग निर्वेध पार पडला, मात्र आरमाराचे सर्वेक्षक सर विल्यम सिमंड्स यांचे मत असे पडले, की मागच्या टोकाला जोर लावला तर जहाज सुकाणूला दाद देणार नाही. डोळ्यांदेखत सुकाणूला दाद देत गेलेल्या नौकेविषयी हे मत होते. एरिक्सन त्या वर्षांत कर्जबाजारी झाले, कर्जदारांच्या तुरुंगातही गेले. अमेरिकी नौदलाचे अधिकारी रॉबर्ट स्टॉक्टन यांच्या आग्रहावरून १८३९ साली त्यांनी न्यूयॉर्क गाठले.

१८३९ हेच अर्देशिर यांच्याही प्रस्थानाचे वर्ष. सप्टेंबरात ते मुंबईहून निघाले आणि तांबडा समुद्र, इजिप्त या मार्गाने इंग्लंडला पोहोचले. त्यांच्या घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे आदल्या वर्षीच जहाजबांधणीच्या अभ्यासासाठी गेले होते. या दोन प्रवासांतून दोन पुस्तके निघाली : अर्देशिर यांची मुंबई ते इंग्लंड प्रवासाची आणि तेथील वर्षभराच्या वास्तव्याची दैनंदिनी १८४० साली, तर त्यांच्या भावबंदांचा अडीच वर्षांच्या वास्तव्याचा वृत्तान्त १८४१ साली. दोन्ही लंडनला छापली गेली, दोन्ही इंग्रजीत.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने येथे थोडे थांबले पाहिजे. गुजरातीतील विलायतेच्या प्रवासवर्णनांची परंपरा सामान्यतः महीपतराम रूपराम आणि करसनदास मूळजी यांच्या १८६० च्या दशकातील पुस्तकांपासून सांगितली जाते. मराठीत पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ चा आणि अमेरिकेवरील त्यांचे प्रवासवृत्त १८८९ चे. वाडियांची पुस्तके या सर्वांच्या आधीची आहेत. तरीही भाषावार रचलेल्या इतिहासात ती गुजरातीची नाहीत, मराठीची नाहीत, आणि इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासाला अशा ‘तांत्रिक’ पुस्तकांशी कर्तव्य नसते. मुंबई हे ज्या शहराचे नाव, त्या शहरातून विलायतेला जाऊन लिहिल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांना त्या शहराच्या कोणत्याही भाषेच्या इतिहासात घर नाही. भाषेच्या कुंपणाने हा प्रश्न झाकला गेला आहे, हे मान्य केलेले बरे.

या दोन पुस्तकांचा पोतही सारखा नाही. दोघा भावबंदांच्या पुस्तकात लंडन एक देखावा म्हणून उभे राहते. नाट्यगृहे, संग्रहालये, पार्लमेंट, प्राणिसंग्रहालयात त्यांच्या पारशी पोशाखाकडे टक लावून पाहणारी गर्दी, हे सर्व त्यात सविस्तर येते. अर्देशिर यांची दैनंदिनी अधिक कोरडी. दिनांक, गोदी, कारखाना, इंजिन, भेटलेला माणूस असा तिचा क्रम असतो. ज्याला रमणीय गद्य हवे त्याने ती हाती घेऊ नये. पण प्रवासवर्णनाच्या प्रकाराकडे पाहता ती मोलाची आहे, कारण निसर्ग किंवा समाज यांच्या जागी यंत्र हाच तिचा विषय आहे आणि पाहणारा डोळा कारागिराचा आहे. नवलाने भारावण्याऐवजी हे कसे जोडले, कशाने चालते, आपल्याकडे नेता येईल का, असे प्रश्न हा डोळा विचारतो. त्या काळच्या हिंदी प्रवाशाला विलायतेत ‘थक्क’ होण्याची जी भूमिका बहाल केलेली असे, तिच्यात हे लेखन नीट बसत नाही.

तरीही दैनंदिनीचा लेखक स्वतःला विद्यार्थी म्हणूनच मांडतो. तो पाहायला आला आहे, शिकायला आला आहे. याच्या उलट, रॉयल सोसायटीकडे त्यांच्या निवडीसाठी सादर झालेल्या शिफारसपत्रात त्यांची जी कामे नमूद होती ती मुंबईत केलेली : गॅसचे दिवे आणि वाफेचे इंजिन बसवलेली साठ टनांची नौका. २७ मे १८४१ रोजी ते या सोसायटीचे सभासद निवडले गेले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी. ज्या ज्ञानासाठी ते इंग्लंडला गेले असे दैनंदिनी सांगते, त्या ज्ञानाच्या प्राप्तीमुळे हा मान मिळाला नाही. जाण्यापूर्वी माझगावात जे करून ठेवले होते त्यामुळे मिळाला. शिष्य म्हणून लिहिलेले आत्मवृत्त आणि कर्ता म्हणून लिहिलेले शिफारसपत्र यांतील हा विसंवाद वसाहतकालीन आत्मलेखनाच्या कोणत्याही अभ्यासात ध्यानात घेण्याजोगा आहे. मुंबईत लावलेला दिवा मुंबईच्या नोंदीपेक्षा लंडनच्या नोंदीत अधिक स्पष्ट दिसतो, ही त्यातली आणखी एक गंमत.

निवडीची बातमी आली तेव्हा अर्देशिर मुंबईला परतून कामावर रुजू झालेले होते. १ एप्रिल १८४१ रोजी त्यांनी कंपनीच्या मुंबईतील वाफ-कारखान्याचे मुख्य अभियंता आणि यंत्र-निरीक्षक म्हणून सूत्रे हाती घेतली. जुन्या ‘बॉम्बे मरीन’चे १८३० साली ‘इंडियन नेव्ही’ असे नामांतर झाले होते आणि तिच्या आगबोटींची दुरुस्ती, ओतकाम, नवी इंजिने बसवणे ही कामे या कारखान्याकडे होती. येथे इंग्रज कारागीर होते, फोरमन होते, आणि त्यांच्यावर आता एक हिंदी माणूस बसला. मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्रांना हे रुचले नाही. ‘बॉम्बे टाइम्स’चा आक्षेप असा होता, की एतद्देशीय मनुष्य कितीही शिकलेला असला तरी इंग्रज कामगारांना हुकूम देऊन शिस्तीत ठेवणे त्याला साधेल की नाही याची शंका आहे. म्हणजे हरकत यंत्रविद्येला नव्हती. कौशल्य मान्य होते. अधिकार मान्य नव्हता.

या वादाला एक दुसरी बाजू आहे, ती वर्णभेदाच्या चर्चेत सहसा येत नाही. त्या काळी अभियंता हा एकंदर नौदलातच परका होता. शिडाच्या जहाजावरचा अधिकारी हा खरा दर्यावर्दी. इंजिनाशेजारी तेलाने माखलेला माणूस फार तर कारागीर. अमेरिकी नौदलात अभियंत्यांचे स्वतंत्र दल १८४२ साली उभे राहिले आणि ब्रिटिश आरमाराने आपल्या वरिष्ठ अभियंत्यांना कमिशन दिले ते १८४७ साली. ज्याच्यावाचून जहाज हलत नाही तो जहाजावरच्या मानाच्या पंक्तीत बसत नाही, अशी ती अवस्था होती. अर्देशिर यांच्या वाट्याला हा परकेपणा दुहेरी आला. या ओझ्याखाली त्यांनी सोळा वर्षे तो कारखाना चालवला. आक्षेपाचे उत्तर एखाद्या पत्रकात शोधायचे नसून या सोळा वर्षांत शोधायचे.

एरिक्सन गोरे होते, तरी परक्याचा अधिकार म्हणजे काय हे त्यांनाही १८४४ साली कळले. त्यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ‘प्रिन्स्टन’ ही पंख्याने चालणारी पहिली वाफेची युद्धनौका १८४३ साली तयार झाली. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी पोटोमॅक नदीवर बड्या पाहुण्यांसमोर तिच्यावरील ‘पीसमेकर’ ही तोफ फुटली आणि परराष्ट्रमंत्री व नौदलमंत्री यांच्यासह सहा जण ठार झाले. ती तोफ स्टॉक्टन यांनी करवून घेतलेली होती. एरिक्सन यांची तोफ दुसरी, आणि ती शाबूत राहिली. परंतु बोलणी खावी लागली ती एरिक्सन यांना. त्यांचे सुमारे १५,००० डॉलरचे बिल नौदलाने कधीच चुकते केले नाही. १८४८ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले. नौदलाविषयीची अढी मात्र गेली नाही.

१८४९ साली अर्देशिर अमेरिकेला गेले आणि लाकूड कापण्याची यंत्रे खरेदी करून आले. त्या वर्षी दोघेही एकाच देशात होते, एक नागरिक म्हणून आणि दुसरा गिऱ्हाईक म्हणून. परतल्यानंतर १८५१ च्या फेब्रुवारीत अर्देशिर यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे भाग त्यांच्या माझगावच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. शिवणयंत्र, छायाचित्रण, विद्युत-विलेपन या गोष्टी मुंबईत आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. नौकेचे नाव बोलके आहे. वंशपरंपरागत सुतारकाम सोडून लोखंडाकडे वळलेला माणूस आपल्या सर्वात स्वावलंबी कृतीला खापरपणजोबांच्या काळापासून चालत आलेले कुळाचे नाव देतो. घराण्याशी असलेले त्यांचे नाते तुटलेले नव्हते. मात्र ते सरळही नव्हते.

१ ऑगस्ट १८५७ रोजी ते निवृत्त झाले. उत्तर हिंदुस्थान तेव्हा पेटला होता, आणि वरसईचे गोडसे भटजी त्याच धामधुमीत पायी हिंडत होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ला मराठी वाङ्मयात जे स्थान आहे ते योग्यच. मात्र त्या वर्षीच्या मुंबईचे चित्र पुरे करायचे तर वाफेच्या कारखान्यातून बाहेर पडणारा हा अठ्ठेचाळीस वर्षांचा अभियंताही त्यात दिसला पाहिजे. दुसऱ्याच वर्षी, १८५८ साली, त्यांनी मुंबई सोडली आणि एका इंग्रज जोडीदारिणीसह ते रिचमंडला स्थायिक झाले. मुंबईत त्यांची पारशी पत्नी आणि मुले होती. एरिक्सन यांचा मुलगाही स्वीडनमध्ये बापावाचून वाढला आणि त्यांची इंग्रज पत्नी न्यूयॉर्कहून परत गेली ती गेलीच. देशांतराची किंमत या दोघांनी दिली असे लिहिणे सोपे आहे. ती प्रत्यक्षात मोजली घरात मागे राहिलेल्या माणसांनी, आणि त्यांची दैनंदिनी कोणी छापलेली नाही.

या दुसऱ्या देशांतराविषयी अर्देशिर यांचे पुस्तक नाही. १८४० च्या दैनंदिनीतला प्रवासी परत येण्यासाठी जात होता. म्हणून त्याला लिहिण्याचे कारण होते. जो परत येणार नाही, त्याने कोणासाठी लिहावे? मध्ये एकदा, १८६१ साली, ते ‘इंडस फ्लोटिला कंपनी’चे अभियंता म्हणून सिंधमधील कोटरी येथे आले आणि १८६३ साली परत गेले. पहिल्या नौकेला त्यांनी तरुणपणी जिचे नाव दिले होते त्या सिंधू नदीवरच त्यांची अखेरची नोकरी झाली.

ही जी दोन-तीन वर्षे ते सिंधमध्ये होते, त्याच वर्षांत एरिक्सन यांचे नाव जगभर झाले, आणि त्याचा धक्का मुंबईलाही बसला. अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली होती. ८ मार्च १८६२ रोजी दक्षिणेच्या ‘व्हर्जिनिया’ या चिलखती नौकेने हॅम्प्टन रोड्स येथे नाकेबंदीवरील दोन लाकडी जहाजे नष्ट केली. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर एरिक्सन यांची ‘मॉनिटर’ उभी राहिली. सुमारे शंभर दिवसांत बांधलेली, पाण्याच्या पातळीपासून जेमतेम दीड फूट वर येणारी आणि मध्यभागी दोन तोफांचा फिरता बुरूज असलेली ही नौका. चार तास दोघी एकमेकींवर मारा करीत राहिल्या; कोणीच बुडाली नाही. परंतु नाकेबंदी टिकली. दक्षिणेचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांची पिढी, बॅक बे भरून काढण्याची कंपनी, आणि १८६५ साली युद्ध संपताच आलेले दिवाळे, ही मुंबईच्या इतिहासातील परिचित प्रकरणे आहेत. नाकेबंदीला कारणे अनेक होती आणि एका नौकेने मुंबईचे भाग्य घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी साखळीतील एक कडी त्या फिरत्या बुरुजाची होती, एवढे म्हणता येते. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली, या उधाणाच्या ऐन मध्यावर प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी ‘इंडियन नेव्ही’ मोडीत काढण्यात आली.

‘मॉनिटर’ हे नाव एरिक्सन यांनी स्वतः सुचवले. जानेवारी १८६२ मध्ये नौदलाचे सहसचिव फॉक्स यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याचा अर्थ उलगडला होता : ही नौका दक्षिणेच्या पुढाऱ्यांना समज देईल आणि ब्रिटिश नौदलाच्या धुरीणांनाही देईल. अमेरिकेच्या घरगुती युद्धात ब्रिटिश नौदलाचा उल्लेख यावा, याची मुळे पंचवीस वर्षांपूर्वीच्या थेम्स नदीत आहेत. नौकांच्या नामकरणातून देशांतरिताचे आत्मचरित्र कसे झिरपते याचे ‘लवजी फॅमिली’ आणि ‘मॉनिटर’ हे दोन नमुने शेजारी ठेवण्याजोगे आहेत : एक कुळाचा ऋणनिर्देश, दुसरा जुन्या अपमानाची परतफेड.

‘मॉनिटर’ खुल्या समुद्राची नौका नव्हती. ३१ डिसेंबर १८६२ रोजी केप हॅटरसजवळ वादळात ती सोळा जणांसह बुडाली. तिची कल्पना मात्र जगभर पसरली, आणि ज्यांना समज द्यायची होती त्या ब्रिटिशांनीही ती उचलली. एडवर्ड रीड यांनी बुरुजाभोवती चिलखती कठडा उंचावून तिची सुधारलेली आवृत्ती तयार केली. त्या जातीच्या दोन नौका, ‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’, १८७० साली मुंबई बंदराच्या रक्षणासाठी तयार झाल्या. नावे १८६७–६८ च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेवरून दिलेली. ती मोहीम मुंबईहूनच निघाली होती. इंग्लंडहून येताना ‘मॅग्डाला’ला तात्पुरत्या डोलकाठ्या आणि शिडे चढवावी लागली होती. वाफेच्या युगातील सर्वात आधुनिक नौका शिडांच्या आधाराने मुंबईला पोहोचली. १९०३ साली विकल्या जाईपर्यंत या दोघी त्याच बंदरात होत्या, जेथे वाडियांनी सागवानी जहाजे बांधली आणि जेथे अर्देशिर यांनी लोखंडाचा हट्ट धरला होता. स्वीडनच्या खाणवस्तीतील माणसाची कल्पना अशी माझगावच्या समोर नांगर टाकून उभी राहिली.

उत्तरायुष्यात एरिक्सन न्यूयॉर्कमधील बीच स्ट्रीटवरच्या घरात एकांतात, सूर्यशक्तीवर चालणाऱ्या इंजिनाच्या खटपटीत राहिले. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील शतसांवत्सरिक प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांनी आपल्या शोधांचा जो जाडजूड ग्रंथ स्वखर्चाने छापला, त्यात आकृत्या आहेत, गणिते आहेत. लेखकाचे आयुष्य नाही. जीवन लिहिण्याचे काम दुसऱ्याने केले. विल्यम कॉनंट चर्च यांचे द्विखंडात्मक चरित्र मृत्यूनंतर एका वर्षात, १८९० साली बाहेर पडले. त्याच वर्षी अमेरिकी नौदलाने ‘बाल्टिमोर’ या क्रूझरवरून त्यांचे पार्थिव समारंभपूर्वक स्वीडनला पोहोचवले आणि फिलिपस्टाड येथे त्यांचे दफन झाले. ज्या नौदलाने त्यांचे बिल बुडवले, त्यानेच त्यांना घरी नेले. दोन राष्ट्रांना ते आपले वाटत होते, आणि दोघांच्या हक्काला जोडणारा पूल चर्च यांच्या ग्रंथाने बांधून दिला.

अर्देशिर १६ नोव्हेंबर १८७७ रोजी रिचमंडला वारले. त्यांचे आयुष्य लिहायला कोणी चर्च पुढे आला नाही. ‘इंडियन नेव्ही’च अस्तित्वात नव्हती, तेव्हा तिच्या अभियंत्यावर हक्क सांगणार कोण? घराण्याच्या इतिहासात लाकडी जहाजांचे शिल्पकार मध्यभागी राहिले. विलायतेत राहून गेलेला लोखंडाचा माणूस कडेला गेला. रॉयल सोसायटीतील त्यांची निवड इतकी विस्मरणात गेली की १९१८ साली श्रीनिवास रामानुजन निवडले गेले, त्यानंतर बराच काळ पहिले हिंदी सभासद म्हणून त्यांचेच नाव घेतले जात असे. विसाव्या शतकात ही चूक दुरुस्त झाली आणि त्याबरोबर अर्देशिर ‘पहिले’ झाले. ‘पहिला’ हे विशेषण चरित्राचे काम फार लवकर संपवून टाकते. ‘बॉम्बे टाइम्स’चा आक्षेप, सोळा वर्षांचा कारखाना, दोन घरे, कोटरीची नदी, यातले काहीच त्यात मावत नाही.

भारतीय टपाल खात्याने १९६९ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ‘इंडस’ पाण्यात गेली तो दिवस त्यासाठी घेता आला असता, किंवा १ एप्रिल हाही, ज्या दिवशी एका हिंदी माणसाने कंपनीच्या कारखान्यात इंग्रज फोरमनांसमोर पहिला हुकूम दिला. तिकिटावर तारीख पडली ती २७ मे.